भात शेतीतील मित्रकीटक: चतुर आणि टाचणी

पावसाळ्यात भात खाचरांवर घिरट्या घालणारे चतुर आणि धानाच्या चुडांमधून हळूच उडणाऱ्या टाचण्या आपण नेहमी पाहतो. हे दोन्ही कीटक ओडोनाटा या गणातील असून पूर्णपणे मांसाहारी आहेत. ते पिकाचे कोणतेही नुकसान करत नाहीत, तसेच माणसाला डंखही मारत नाहीत. फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी त्यांची ओळख असणे आवश्यक आहे.

ओळख कशी करावी?

• चतुर: शरीर दणकट, डोळे मोठे आणि बहुतेक जातींत एकमेकांना टेकलेले. बसताना पंख आडवे पसरलेले असतात. उडण्याचा वेग जास्त.
• टाचणी: शरीर टाचणीसारखे बारीक, दोन डोळ्यांत स्पष्ट अंतर. बसताना बहुतेक जाती पंख पाठीवर मिटून घेतात. उडणे संथ व पिकाच्या आत.

जीवनक्रम

अंडी, पिल्ले व प्रौढ अशा तीन अवस्था असतात, कोषावस्था नसते. मादी पाण्यात किंवा पाण्यालगतच्या वनस्पतीत अंडी घालते. पिल्ले पाण्यातच वाढतात. टाचणीच्या पिल्लाच्या शेपटीकडे पानासारखे तीन कल्ले दिसतात. चतुराच्या पिल्लाला ते नसतात. पूर्ण वाढलेले पिल्लू धानाच्या खोडावर चढून कात टाकते व प्रौढ बाहेर पडतो. खोडाला चिकटलेल्या रिकाम्या काती दिसल्यास खाचरात त्यांची पैदास होत आहे असे समजावे.

पिकाला फायदा

चतुर पिकावर उडणारे खोडकिडा व पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग हवेतच पकडतो. टाचणी चुडांमध्ये फिरून तुडतुडे टिपते. पाण्यातील पिल्ले डासांच्या अळ्या खातात. टाचणीची पिल्ले तर खोडावर चढून तुडतुड्यांची पिल्लेही शोधतात.

मात्र केवळ यांच्यावर विसंबून राहू नये. किडींची संख्या झपाट्याने वाढल्यास हे कीटक अपुरे पडतात. मत्स्यबीज संगोपन तळ्यात चतुराची पिल्ले लहान मत्स्यबीज खातात, तेथे ती नुकसानकारक ठरतात.

संवर्धनासाठी काय करावे?

१. आठवड्यातून एकदा सकाळी शेतात तिरपे चालत २० चुडांचे निरीक्षण करावे. किडींबरोबर टाचण्या, कोळी या मित्रकीटकांचीही नोंद ठेवावी.
२. तपकिरी तुडतुडे प्रति चूड साधारण १० पेक्षा कमी असतील व मित्रकीटक भरपूर असतील, तर फवारणी टाळून पुन्हा निरीक्षण करावे.
३. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके भातावर वापरू नयेत. त्यामुळे मित्रकीटक मरतात आणि तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक होतो.
४. तुडतुड्यांसाठी खाचरातील पाणी ३ ते ४ दिवस काढताना एका कोपऱ्यात छोटा खड्डा करून त्यात पाणी राहू द्यावे. त्यात काही पिल्ले तग धरतात.
५. बांधावरील सर्व गवत एकाच वेळी तणनाशकाने जाळू नये. प्रौढांना बसण्यासाठी व आसऱ्यासाठी ते उपयोगी पडते.
६. फवारणी पंप ओढा, शेततळे किंवा खाचराच्या पाण्यात धुऊ नये.

फवारणी करणे भागच असेल, तर शिफारस केलेले कीटकनाशक लेबलवरील मात्रेतच, चुडाच्या बुंध्यावर पडेल असे फवारावे.