मान्यतेविना विद्या : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

शाळा सोडताना विद्यार्थ्याच्या हाती दोन गोष्टी असतात. एक विद्या आणि दुसरा दाखला. विद्या गुरुजनांनी दिलेली असते. दाखल्याला मोल मात्र सरकार अथवा विद्यापीठ त्या शाळेला मानील तरच येते. ज्या शाळेला अशी मान्यता नाही, तिच्या विद्यार्थ्याने पुढे कोठे जावे, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. आपल्या ज्ञातीतील पालकांना त्याचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे वाटते, म्हणून हा अल्प प्रयत्न.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा स्वतः विद्यापीठच घेत असे. म्हणून महाविद्यालयाचे महाद्वार म्हणजे परीक्षा, असा तो काळ होता. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले ते सरकारी पैशावाचून. तरी थोड्याच वर्षांत त्या शाळेचे विद्यार्थी मॅट्रिकच्या परीक्षेत चमकू लागले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवू लागले. शाळेचा कस परीक्षेत लागत होता.

पुढे १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत विद्यापीठांचा नवा कायदा झाला. मॅट्रिकला विद्यार्थी पाठविणाऱ्या शाळांनी कोणत्या अटी पाळाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार त्याने विद्यापीठांना दिला. शाळांचा दर्जा राखणे हा हेतू त्यात असेल. पण मान्यता हे राज्यकर्त्यांच्या हातचे एक शस्त्रही झाले. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत बंगाल सरकारने कार्लाइल परिपत्रक काढले. ज्या शाळांचे विद्यार्थी चळवळीत भाग घेतील, त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्यांचा हक्क काढून घेण्याची धमकी त्यात होती. त्याला उत्तर म्हणून १९०६ साली कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली आणि तिच्या महाविद्यालयाचे आचार्यपद अरविंद घोष यांनी स्वीकारले.

त्याच वर्षीच्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांच्याबरोबर राष्ट्रीय शिक्षण हेही लोकमान्यांच्या कार्यक्रमाचे सूत्र झाले. महाराष्ट्रात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालय चालविले. तळेगावच्या ह्या विद्यालयाकडे सरकारची वक्र दृष्टी वळली व १९१० साली ते बंद पाडण्यात आले. चालकांचे त्यागाचे तेज इतिहासाने नोंदविले आहे. पण शाळा बंद झाल्यावर मुले कोठे गेली असतील, याची नोंद घेणारे थोडे.

१९२० च्या असहकारितेच्या लाटेत हीच परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली. गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ, जामिया मिलिया आणि १९२१ साली पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, अशी राष्ट्रीय विद्यापीठे निघाली. लालबहादूरजींच्या नावापुढील 'शास्त्री' ही काशी विद्यापीठाची पदवीच होय. सरकारने न मानलेली ती पदवी देशाच्या पंतप्रधानाचे आडनाव होऊन बसली! तथापि सर्वांच्याच नशिबी असे भाग्य नव्हते. १९२२ साली चळवळ मागे घेतल्यावर अनेक राष्ट्रीय शाळा ओस पडल्या आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना सरकारमान्य शाळांत परतावे लागले.

ह्या सर्व इतिहासात सर्वांत बोधप्रद चरित्र महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे आहे. १९१६ साली हिंगण्यास अवघ्या चारपाच विद्यार्थिनींवर त्याचा आरंभ झाला. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम, आणि 'गृहीतागमा' ही स्वतःची पदवी. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. पैसा आला, विद्यार्थिनी आल्या. कायद्याची मान्यता मात्र आली ती १९४९ च्या अधिनियमाने व १९५१ पासून. म्हणजे पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली. कलकत्त्याच्या राष्ट्रीय परिषदेच्या कार्यातून १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभे राहिले, आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठास अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९८७ साली मिळाला.

यातून माझ्या मते एकच गोष्ट सिद्ध होते. गुण आधी असतो, मान्यता मागाहून येते. परंतु मधल्या काळाची किंमत संस्था नव्हे, विद्यार्थी भरतो. संस्था पस्तीस वर्षे थांबू शकते. सोळा वर्षांची मुलगी थांबू शकत नाही.

आजची स्थिती निराळी आहे. परकी सत्ता गेली. देशकार्यासाठी मान्यता झुगारण्याचे कारण उरले नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण देणारी शाळा मान्यतेवाचून चालविणे दंडनीय ठरविले आहे, आणि पदवी देण्याचा अधिकार कोणास, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने सांगितले आहे. तरीही झगझगीत नावाच्या अनधिकृत शाळा निघतातच, आणि बनावट विद्यापीठांच्या याद्या आयोगाला प्रसिद्ध कराव्या लागतात. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेण्याची सोय २०२१ च्या नियमांनी केली खरी. पण त्या पेढीत जमा होतात ते योजनेत सामील झालेल्या मान्य संस्थांचेच श्रेयांक.

ज्यांची वाट चुकली, त्यांच्यासाठी दार अगदीच बंद नाही. १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून मंडळाच्या परीक्षेस बसता येते. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा (आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. १८५९ सालचे ते परीक्षेचे महाद्वार एका अर्थी पुन्हा उघडले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे की, पाल्याचे नाव घालण्यापूर्वी इमारतीची उंची पाहू नये, मान्यतेचा आदेश व शाळेचा यू-डायस क्रमांक पाहावा. आणि आपल्या समाजातील एखादे मूल अशा शाळेत अडकले असेल, तर त्याला दोष न देता त्याच्या परीक्षेच्या शुल्काची व मार्गदर्शनाची तरतूद आपल्या शिक्षणनिधीतून व्हावी. कर्व्यांनी विद्यार्थिनींसाठी दारोदार फिरून पैसा जमविला. आपणांस तर एक अर्ज भरून द्यावयाचा आहे.