चढते, भिनते, उतरते

विषाला मराठीने तीन क्रियापदे दिली: ते चढते, भिनते, उतरते. यांत ‘भिनणे’ सर्वांत अर्थगर्भ. मुळाशी संस्कृत ‘भिन्न’, म्हणजे ‘भिद्’ धातू असावा. भेदून शिरणे आणि मग आतच मुरणे, असा अर्थ सरकत गेलेला दिसतो. ‘विष’ हा शब्दही पसरण्याचाच. धातुपाठात ‘विष्’चा अर्थ व्याप्ती; लॅटिन ‘विरुस’ त्याच कुळातला. चरकाच्या यादीत विषाचे दहा गुण आहेत, त्यांत एक ‘व्यवायी’: पचण्याआधीच सारा देह व्यापणारे. फारसी ‘जहर’ची नजर थेट शेवटावर; आपल्या ‘हन्’शी नाते असलेल्या जुन्या इराणी धातूतून ते आले असावे.

‘टॉक्सिन’च्या पोटात ग्रीक ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य आहे, बाणाला माखायच्या विषामुळे. ग्रीकांनी तो शब्द इराणी शेजाऱ्यांकडून उचललेला दिसतो. धनुर्वातात हे धनुष्य पुन्हा भेटते, पण देहाच्या बाकाचे. सुश्रुताने ‘धनुःस्तंभ’ म्हटले ते त्यावरूनच. त्याच्याच ‘अपतानक’मधला ‘तन्’ आणि ‘टेटॅनस’चा ग्रीक धातू मूळचे एकच, आपला ‘ताण’ही त्यांचाच भाऊबंद.

याच रोगावर आपली क्रियापदे पारखून पाहावीत. जंतू जखमेतच राहतो. त्याचे विष रक्तातून व लसिकेतून पसरते, स्नायूंतल्या मज्जातंतूंची टोके धरते आणि तंतूंच्या आतून मज्जारज्जूपर्यंत अक्षरशः चढते. जबड्याच्या मज्जातंतूंची वाट आखूड, म्हणून बहुधा दातखीळ आधी बसते. (‘खीळ’ म्हणजे संस्कृत ‘कील’.) वर पोचल्यावर ते स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत शिरते आणि त्यांचे संदेश बाहेर सोडणारे एक प्रथिन तोडते. ‘भिद्’ इथे शब्दशः खरा ठरतो.

राहिले उतरणे. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की, प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याला या विषापासून वाचवतो. मराठीने अशा औषधाला ‘उतारा’ म्हणावे, हे ‘उतरणे’शी किती सुसंगत! मात्र तो मोकळ्या विषालाच गाठतो, पेशीत भिनलेल्याला नाही. ते ओसरून मज्जातंतूंची टोके पुन्हा कामाला लागायला कित्येक आठवडे जातात. शिवाय हे विष इतक्या अल्प मात्रेत घात करते की, देहाला त्याची ओळखही पटत नाही. म्हणून धनुर्वातातून उठलेल्यालाही लस टोचावीच लागते.