रक्षक उलटतात तेव्हा

1996 साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली आणि ‘प्लेटलेट’ हा वैद्यकातला शब्द सामान्यांच्या घरी येऊन बसला. रक्तस्राव थांबविणारे हे सूक्ष्म कण एका घनमिलिमीटर रक्तात दीड ते चार लाख असतात. डेंग्यूत ते घटतात. रोगी बरा होऊ लागला, की बहुधा पूर्ववत होतात.

काहींच्या शरीरात मात्र ताप नसतानाही ते नष्ट होतात. अंगावर जांभळे ठिपके उमटतात, हिरड्यांतून रक्त झिरपते. या कोड्याचा उलगडा 1950 साली अमेरिकेतील सेंट लुई शहरी झाला. विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याला आकडी आली, परंतु तो बचावला. विनाशक द्रव्य रुग्णाच्या रक्तातच वाहत होते. पुढे कळले, की ती शरीराचीच प्रतिपिंडे होत. परक्यांशी झुंजण्यासाठी घडलेली, पण स्वकीयांवर उलटलेली. ल्यूपससारख्या व्याधीत पुष्कळदा हेच घडते.

हीमोफिलियाप्रमाणे हा दोष आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा कुळाला वा लेकीसुनेला बोल लावण्याचे कारण नाही. बहकलेल्या पहारेकऱ्यांना आवरणारी औषधे आज आहेत; डॉक्टरांकडे वेळीच जावे, एवढेच घरच्यांच्या हाती असते.