थीसिअसची बोट आणि मागे राहिलेली माणसे

येत्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसच्या सिक्लाडीस बेटांवर जायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. एकाच ठिकाणी मुक्काम न करता बोटीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात राहायचे, असा आमचा हा पहिलाच प्रवास. नकाशा टेबलावर पसरून बसलो खरे, पण दोघेही साहित्य शिकवणारे असल्यामुळे बोटींच्या वेळापत्रकाआधी प्लुटार्क उघडला गेला. जे वाचले त्याने बेत सोपा होण्याऐवजी अवघडच झाला. त्या अडचणीविषयी हे टिपण आहे.

या समुद्रातून जोडीने निघालेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जोडप्याचा प्रवास अर्ध्यावरच मोडला, हे वाचकांना ठाऊक आहेच. क्रीटच्या भूलभुलैयातून बाहेर पडण्यासाठी अरिॲड्नीने थीसिअसला धागा दिला, त्याच्याबरोबर ती बोटीत बसली, आणि नॅक्सॉस बेटावर ती झोपेत असताना तो निघून गेला. ही झाली रूढ कथा. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मात्र ती दीआ नावाच्या बेटावर आर्टेमिसच्या हातून मरते. दीआ म्हणजेच नॅक्सॉस हे समीकरण पुढच्या परंपरेने रुजवले. प्लुटार्कने थीसिअसच्या चरित्रात अनेक पाठ शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्यांपैकी सायप्रसचा पाठ आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. वादळात सापडलेला थीसिअस गरोदर अरिॲड्नीला किनाऱ्यावर उतरवतो आणि बोट सांभाळायला परत फिरतो, तो वाऱ्याबरोबर वाहून जातो. तिथल्या बायका तिची काळजी घेतात, आणि तिला धीर यावा म्हणून थीसिअसने लिहिली आहेत असे भासवून खोटी पत्रे आणून देतात. ओविडने 'हेरॉइडीस'मधल्या दहाव्या पत्रात अरिॲड्नीला थीसिअसला पत्र लिहायला लावले, त्याची चर्चा वर्गात नेहमी होते. पण जे पत्र त्याने लिहिलेच नाही ते बायकांनी बायकांसाठी लिहिले, ही कल्पना ओविडच्या कल्पनेपेक्षा उणी नाही, असे आमचे मत आहे.

थीसिअस पुढे डेलॉसला थांबला, तिथे त्याने आपल्या सोबत्यांसह वेदीभोवती 'क्रौंच' नावाचे नृत्य केले. सिक्लाडीस हे नाव वर्तुळावरून आले आहे आणि त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे डेलॉस. अथेन्सने थीसिअसची म्हणून जपलेली बोट दरवर्षी तिकडे पाठवण्याची प्रथा पाडली. ती परत येईपर्यंत शहरात कोणाला देहदंड देता येत नसे. प्लेटोच्या 'फीडो'ची सुरुवातच या बोटीने होते. इ.स.पू. ३९९मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी तिला हार घातला गेला होता, म्हणून निकालानंतर त्याला तुरुंगात बरेच दिवस मिळाले. झेनोफनच्या हिशेबाने ते तीस दिवस होते. अशा फेरीला वारा प्रतिकूल असला की खूप दिवस लागतात, असे फीडो सांगतो. बोटीला उशीर झाला की आपण चिडतो. पाश्चात्य तत्त्वज्ञानातील किती संभाषणे अशा उशिरातून निर्माण झाली असतील, हा विचार बंदरावर ताटकळताना उपयोगी पडावा. त्याच 'फीडो'त अखेरच्या दिवशी मूल घेऊन आलेल्या झँथिपीला रडते म्हणून घरी पाठवले जाते, आणि मग आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा सुरू होते. थीसिअसच्या बोटीशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्या पुरुषांची हकीकत सविस्तर उरली आहे. त्यांच्या बायका मात्र दोन-चार ओळींत किनाऱ्यावर उतरवल्या गेल्या.

आता जरा अलीकडच्या जोडप्याकडे येऊ. जेम्स थिओडोर बेंट आणि त्याची आयरिश पत्नी मेबल यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी दोन हिवाळे या बेटांवर घालवले. हिवाळेच का, हा प्रश्न आजच्या प्रवाशाला पडेल. उन्हाळा ही या बेटांची 'मोसमी' वेळ ठरली ती पुढे. बेंटला लोकांची घरे, सण, मर्तिकाची गाणी, दृष्ट काढण्याचे प्रकार, नेरीड नावाच्या जलपऱ्यांच्या समजुती पाहायच्या होत्या. त्यासाठी कधी आगबोट, कधी स्थानिक शिडाची होडी, आणि वारा सुटला की सक्तीचा मुक्काम. १८८५मध्ये त्याचे सिक्लाडीसवरचे पुस्तक निघाले. बेटांच्या लोकजीवनासाठी अभ्यासक अजूनही ते उघडतात. अँटिपॅरॉसवर त्याने प्राचीन थडगी उकरली आणि तिथल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. त्या काळी याला संशोधन म्हणत. आम्हांला तो शब्द आज तितक्या सहज वापरता येत नाही.

मेबलनेही या प्रवासांत वह्या लिहिल्या. थिओडोर १८९७मध्ये वारला. त्यानंतर तिने दोघांच्या नावाने दक्षिण अरबस्तानावरचे पुस्तक १९००मध्ये पुरे केले. स्वतःच्या वह्या मात्र तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. १९२९मध्ये ती गेली, आणि ग्रीसमधल्या प्रवासांचा खंड प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. म्हणजे एकाच प्रवासाची दोन कथने, आणि त्यांच्यात एकशेवीस वर्षांचे अंतर. प्रवासवर्णनातला 'आम्ही' हा एक सोयीचा शब्द आहे. त्याच्या आड दोन माणसे उभी असतात आणि वाचकाला बहुधा एकच दिसते. हे लिहिताना आम्हीही तोच शब्द वापरत आहोत, याची आम्हांला जाणीव आहे.

बेंट दांपत्याबरोबर आणखी एक माणूस होता. अनाफी बेटावरचा मान्थेऑस सिमोस हा त्यांचा वाटाड्या आणि दुभाष्या; पुढेही अनेक वर्षे तो त्यांच्यासोबत दूरदूर गेला. त्याच्या नावाने एकही पुस्तक नाही. अनाफीचे नाव आमच्या यादीत शिरले ते त्याच्यामुळे.

ते टिकले मात्र दुसऱ्या कारणाने. मेटॅक्सासच्या हुकूमशाहीने १९३६नंतर राजकीय विरोधकांना ज्या बेटांवर धाडले त्यांत अनाफी होते, फोलेगँड्रॉसही होते. अनाफीवरच्या हद्दपारांनी आपली सामायिक व्यवस्था उभारली, स्वयंपाकापासून वर्ग चालवण्यापर्यंत कामांच्या पाळ्या लावल्या. मराठी वाचकाला इथे अंदमान आठवणार हे उघड आहे, पण एक फरक ध्यानात घ्यावा. अंदमानला आपल्या मनात 'काळे पाणी' हे नाव चिकटलेले आहे. सिक्लाडीसच्या निळ्या-पांढऱ्या चित्रात तसा एकही डाग उरलेला नाही.

वास्तविक ही रीत रोमन आहे. सिरॉसच्या वायव्येस ग्यारॉस हे उजाड बेट आहे. इ.स. २२मध्ये सिलानस नावाच्या अधिकाऱ्याला तिथे पाठवण्याचा ठराव झाला, तेव्हा बेट फार कठोर आणि निर्जन म्हणून टायबेरिअसने त्याला किथ्नॉसला जाऊ द्यावे असे सुचवले, ही टॅसिटसची नोंद. टायबेरिअसलाही ज्याची कणव आली ते बेट! पुढे नीरोच्या काळात तिथे मुसोनियस रूफस गेला. विवाह म्हणजे केवळ संतती नव्हे, तर नवरा-बायकोचे पूर्ण सहजीवन. मुलींनीही मुलांप्रमाणे तत्त्वज्ञान शिकावे, असे सांगणारा हा स्टोइक. प्राचीन काळात दांपत्याविषयी इतके समंजस बोललेला माणूस नेमका या खडकावर पाठवला गेला, आणि त्याची बायको कोण होती याचा पत्ता नाही.

ग्यारॉस १९४०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उघडले आणि १९६७च्या लष्करी उठावानंतर आणखी एकदा. लाव्रिओ बंदरासमोरच्या माक्रोनिसॉसवर १९४७पासून सैनिक आणि राजबंदी ठेवून त्यांच्याकडून पश्चात्तापाच्या जाहीरनाम्यांवर सह्या घेतल्या जात. १९५०च्या आरंभी ट्रिकेरी बेटावरच्या शेकडो स्त्री-कैद्यांना तिथे आणले गेले, त्याच सहीसाठी. कवी यानिस रित्सॉस माक्रोनिसॉसवर होता, १९६७मध्ये ग्यारॉसवर आणि मग लेरॉसवर. त्याचाही प्रवास बेटावरून बेटावर असाच झाला. तिकीट मात्र सरकारने काढले होते. लाव्रिओहून किआला जाणारी बोट आजही माक्रोनिसॉसला वळसा घालून जाते आणि डेकवरची माणसे बहुधा पुढच्या बेटाकडे पाहत असतात.

मग काय करायचे? आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की सुट्टीत स्मशाने मोजत फिरू नये. दुसऱ्याचे म्हणणे की न पाहता जाणे हीसुद्धा एक सहीच आहे. हा वाद दोन संध्याकाळ चालला आणि मिटला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कोणी कोणती बाजू घेतली हे मुद्दामच सांगत नाही.

वेळेबद्दल मात्र मतभेद नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा जोर धरतो, बोटी रद्द होतात, गर्दीही तेव्हाच. हेसिअडने समुद्रप्रवासाला दक्षिणायनानंतरचे पन्नास दिवस उत्तम सांगितले आहेत. अंजिराच्या शेंड्यावरचे पान कावळ्याच्या पावलाएवढे झाले की वसंतातही निघता येते, पण ते त्याला पसंत नाही. अर्थात सल्ला देणारा हा कवी स्वतः आयुष्यात एकदाच, तेही औलिसहून समोरच्या यूबियापर्यंतची चिंचोळी खाडी ओलांडण्यापुरता बोटीत बसला होता, असे तोच कबूल करतो. आमचा जून त्याच्या दोन्ही मोसमांच्या मधल्या फटीत येतो.

बेत असा ठरला. पिरीअसहून सिरॉस, तिथे दोन रात्री. ही बेटांची जुनी आगबोटींची राजधानी. १८२२च्या कत्तलीतून सुटलेल्या खिऑसच्या निर्वासितांनी तिथले एर्मोपोली शहर वसवले, आणि १९४१-४२च्या दुष्काळात त्याच बेटावर हजारो माणसे भुकेने मेली. वायव्येला ग्यारॉस दिसले तर दिसेल. मग नॅक्सॉस, चार रात्री. तिथून एक दिवस डेलॉस. इ.स.पू. ४२६च्या शुद्धीकरणानंतर त्या बेटावर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये असा नियम अथेन्सने केला होता. आज तिथे पर्यटकाला रात्र काढता येत नाही. सँटोरिनी वाटेत लागेल. १९५६चा भूकंप आणि २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपांच्या मालिकेमुळे हजारोंनी सोडलेले बेट एवढे मनात ठेवून बोट बदलायची, उतरून राहायचे नाही.

शेवटी अनाफी. तिथे आठवड्यातून मोजक्याच बोटी जातात. परतीची बोट चुकली किंवा वाऱ्याने आलीच नाही तर दोन-तीन दिवस अडकून पडावे लागेल. त्या दिवसांसाठी म्हणून दोन वह्या घेतल्या आहेत, एकेकाची वेगळी.