नॅनोकुर्कुमीन

नॅनोकुर्कुमीन : हळदीतील कुर्कुमीन हे पिवळे द्रव्य अतिसूक्ष्म कणांत भरून केलेले औषधरूप. स्तनांच्या कर्करोगावर त्याचे प्रयोग चालू आहेत. मान्यताप्राप्त उपचारांत त्याला अद्याप स्थान नाही.

कुर्कुमीन प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारे, आहे. १८१५ मध्ये ते हळदीतून वेगळे करण्यात आले. सुक्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असते. प्रयोगशाळेत ते कर्कपेशींची वाढ रोखते, पण शरीरात त्याचा निभाव लागत नाही. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही आणि आतडे व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करतात. दिवसाला ८ ग्रॅम पोटात दिले तरी रक्तात अगदी अल्प अंश उतरतो. आमटीतल्या हळदीने कर्करोग बरा होतो, हा समज त्यामुळेच निराधार ठरतो.

यावर तोड म्हणून मेदाचे लायपोसोम, शरीरात विरघळणारी बहुवारिके किंवा अल्ब्युमिन प्रथिन यांचे कण वाहक म्हणून वापरतात. दिल्ली विद्यापीठ व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरचे असे कण प्रसिद्ध केले. त्यांची चाचणी मात्र स्वादुपिंडाच्या कर्कपेशींवर होती. गाठीतील रक्तवाहिन्या झिरपऱ्या असल्याने असे कण तिथे साचतात, हे जपानचे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले होते. पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या अल्ब्युमिन कणांना अमेरिकेत २००५ मध्ये स्तनांच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, म्हणजे वाट खरी आहे. ती अरुंदही आहे : प्राण्यांवरील अनेक प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात टोचलेल्या कणांपैकी मध्यकानुसार ०.७ टक्केच गाठीत पोचल्याचे दिसले.

खरा पेच याच्याही पुढे आहे. केमोथेरपीची काही औषधे ऑक्सिडीकारक ताण निर्माण करून कर्कपेशी मारतात. प्रतिऑक्सिडीकारक तोच ताण शमवू शकते. २००२ मध्ये स्तनांच्या कर्कपेशींवरील प्रयोगांत कुर्कुमीनने डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा मारा बोथट केला. उलट, आर्मेनियात रोग पसरलेल्या १५० स्त्रियांवरील चाचणीत (२०२०) पॅक्लिटॅक्सेलसोबत शिरेतून कुर्कुमीन दिलेल्या गटात गाठी आक्रसण्याचे प्रमाण अधिक आढळले. ते नॅनोकण नव्हते आणि चाचणीही लहान होती. सोबतचे औषध कोणते यावर बरेच अवलंबून असावे, असे या दोन निष्कर्षांवरून वाटते. कुर्कुमीन अधिक पोचवणारा कण लाभ वाढवील, तसा अपायही वाढवू शकेल.

केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल घेत असाल, तर ते आपल्या कर्करोगतज्ज्ञांना जरूर सांगा.