विकत्या घराचे दोष आणि कुलाब्याचा किनारा

घर विकणारानें घराचे दोष स्वतः होऊन सांगावे, हा नियम अगदीं अलीकडचा असेल, असें पुष्कळ श्रोत्यांस वाटत असेल. वस्तुतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतील ५५ व्या कलमांतच तो आहे. मुंबई इलाख्यास हा कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला, व त्याबरोबर कुलाबा जिल्ह्यास, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडासहि. मुरूड-श्रीवर्धनचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत मोडत असे.

जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनहि त्यास दिसणार नाहीं, तो उघड केलाच पाहिजे. मग तो वास्तूचा असो वा मालकीचा. निराळा करार नसेल, तर तो लपविणें ही फसवणूक ठरते. सारी ग्यानबाची मेख आहे ती 'साधारण काळजी' ह्या शब्दांत. पडकी भिंत सांगावी लागत नाहीं, ती दिसतेच. पण मार्गशीर्षांत अलिबागेकडील घर पाहून गेलेल्या मुंबईकरास, आषाढांत उधाणाचें पाणी माजघरांत येतें किंवा वैशाखांत विहीर मचूळ होते, हें कसें कळावें?

१९९१ सालीं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यांत बांधकामावर सरकारी निर्बंध आले, आणि न दिसणाऱ्या दोषांत एकाची भर पडली. परवानगीवांचून बांधलेलें घर डोळ्यांस धडधाकटच दिसतें. तें विकणारानें सांगावयाचें, कीं घेणारानें कचेरींतलें दप्तर चाळून शोधावयाचें, हें न्यायाधीशास त्या त्या व्यवहाराची हकीकत पाहूनच ठरवावें लागतें.