थ्री नॉट थ्रीची धाकटी पाती

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात उभा राहणारा पोलीस आमच्या सास्तूर-लोहारा भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो, तो त्याच्या खांद्यावरच्या लांब, लाकडी अंगाच्या बंदुकीमुळे. तिला कुणी बंदूक म्हणत नसे. ती ‘थ्री नॉट थ्री’. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हे तीन इंग्रजी शब्द एका दमात म्हणायचा. त्यातला ‘नॉट’ म्हणजे नकार असावा, अशी पोरवयात माझी समजूत होती. खरे तर तो इंग्रजीतला जुना ‘शून्य’ आहे. नळीचे तोंड ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. दशांशचिन्ह बोलण्यात गळून पडले, शून्य टिकले आणि आकड्याचे नाव झाले.

एनसीसीच्या परेडला ही रायफल पहिल्यांदा माझ्या हातात आली. चार किलोंच्या आसपास वजन, तेलाने काळपट झालेले लाकूड, आणि अंगावर ‘डीपी’ अशी दोन अक्षरे. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीपुरती. गोळी झाडण्याचे काम तिच्याकडून काढून घेतलेले असते. प्रत्यक्ष नेमबाजी केली ती ‘पॉइंट टू टू’वर. त्या बारक्या काडतुसाला मागे टिकली नसते. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या काठातच भरलेले असते आणि घोड्याचा घाव काठावर बसतो. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला मात्र बुडाच्या मधोमध टिकली बसवलेली असते, दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीणच. काठावरच्या काडतुसावरून मधल्या टिकलीच्या काडतुसावर जाणे म्हणजे नेमबाजाने दुसरी इयत्ता गाठणे. परदेशातले हौशी नेमबाज या दुसऱ्या इयत्तेसाठी बहुधा लष्कराने मोडीत काढलेली जुनी रायफल स्वस्तात विकत घेत. त्यातल्या कित्येकांनी भारतात घडलेली रायफल घेतली. सास्तूरच्या माणसाला तीच रायफल विकत घेता येत नाही. हे असे का झाले, याचे उत्तर तिच्या कुळात आहे.

आधी शब्दांचे कूळ पाहू. ‘बंदूक’ अरबीतून आली. मूळ शब्द ‘बुंदुक’, अर्थ एक टणक, गोल कवचीचे फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांनी दिले. काडतुसाच्या मुळाशी कागदाची गुंडाळी आहे, कारण दारू आणि शिसे आधी कागदातच बांधत. हत्यारे तर आमच्या जिल्ह्याला फार जुनी. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. विजापूरला नेण्यापूर्वी ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. रूमी म्हणजे तुर्कस्तानच्या मुलखातला. तोफेचे आणि बंदुकीचे ज्ञान कुठल्या वाटेने दख्खनेत आले, ते या आडनावातच लिहिलेले आहे.

थ्री नॉट थ्रीचे माहेर मात्र इंग्लंडमधले एनफील्ड. लंडनच्या उत्तरेला तिथे सरकारी शस्त्रशाळा होती. हे नाव आपल्या देशाने पहिल्यांदा ऐकले ते १८५७ मध्ये. नव्या एनफील्ड बंदुकीचे कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे आणि त्याला गाय-डुकराची चरबी लावल्याची वार्ता त्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरली. २९ मार्चला जवळच्याच बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला.

पुढची तीस-चाळीस वर्षे बंदूकविद्येत उलथापालथीची होती. कागद जाऊन पितळी पुंगळी आली. स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत कर्तृत्व गाजवलेल्या जेम्स पॅरिस ली याने खटक्याची दांडी आणि तिच्याखाली गोळ्यांची लोखंडी पेटी अशी जोडणी बसवली. १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने ती घेतली, तेव्हा नळीतले आटे मेटफर्ड नावाच्या अभियंत्याचे होते, म्हणून रायफल ‘ली-मेटफर्ड’. ते आटे उथळ होते, काळ्या दारूला साजेसे. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि तिच्या आचेने ते झिजू लागले. मग एनफील्डने खोल आट्यांची नळी केली. १८९५ पासून ‘ली-एनफील्ड’. दहा गोळ्यांची पेटी आणि विलक्षण सहज फिरणारी दांडी. कानाकडे न ओढता हाताच्या एका झटक्यात पुढची गोळी आत जाते. ज्याने ती दांडी एकदा फिरवली आहे, त्याला तिच्या कारागिरीबद्दल सांगावे लागत नाही. माझ्या मते माणसाच्या हाताच्या हालचालीचा इतका विचार फार थोड्या यंत्रांत झाला असेल.

१९०४ मध्ये हुगळीकाठच्या ईशापूरला, जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागी, रायफलीचा कारखाना निघाला. ईशापूर ते बराकपूर अंतर फारच थोडे. ज्या परिसरात एनफील्डच्या काडतुसावरून राज्य हादरले, त्याच परिसरात अर्ध्या शतकाने एनफील्ड घडू लागली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी याच बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, रायफल घेऊन लढल्या.

पण १८५७ ची भीती राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नव्हती. तिच्यातून दोन गोष्टी जन्मल्या. पहिली, १८७८ चा शस्त्रकायदा. परवान्यावाचून हिंदी माणसाने हत्यार बाळगू नये. युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने सुरुवातीच्या काळातच या भेदभावाविरुद्ध ठराव केले. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे आणि आपल्या कुळकथेचा गाभा तीच आहे. फौजेच्या बोअरची रायफल खासगी माणसाच्या हाती असू नये, असे ठरले. कारण साधे होते. रायफल बनवणे अवघड, पण गोळ्या चोरणे सोपे. छावणीतून पळवलेली काडतुसे ज्या नळीत बसतील, अशी नळी घराघरांत नको.

मग शिकारी, चहामळेवाले, संस्थानिक यांना काय विकायचे? बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-घराण्याचीच रायफल घेतली, नळी तेवढी बदलली आणि तिला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे काडतूस लावले. इंचात हे माप ०.३१५. म्हणजे एका सम्राटाच्या फौजेचे काडतूस बंद झाले म्हणून दुसऱ्या सम्राटाच्या फौजेचे काडतूस हिंदुस्थानच्या जंगलात आले. हीच ‘थ्री फिफ्टीन’, थ्री नॉट थ्रीची धाकटी पाती. थोरल्या आणि धाकट्या पातीत अंतर किती? इंचाचे बारा हजारांश, मिलिमीटरचे तीन दशांश. सुतारकाम, लोहारकाम, दांडी, घोडा सगळे एकाच वळणाचे. गादी तेवढी वेगळी. बंदुकीच्या इतिहासात बोअर सहसा कारागीर ठरवतात, नाहीतर सेनापती. हे माप एका कायद्याने ठरवले.

हैदराबाद संस्थानात, म्हणजे आमच्या निजामी मुलखात, हत्यारांचा प्रश्न १९४८ मध्ये जिवावर आला. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी विमाने भरून शस्त्रे आणत होता आणि बीदर, वारंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. तरीही निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांपैकी सुमारे पाव हिश्श्याकडेच आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली. नळदुर्गला बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला, सकाळी नऊला रणगाडे जळकोटला होते आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात. सास्तूर तेव्हा उमरग्याच्याच परिसरातले. लोहारा तालुका फार नंतर वेगळा झाला. त्या पायदळाच्या खांद्यावर थ्री नॉट थ्री होती. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. आमच्याकडे ज्या रायफलीने पारतंत्र्य राखले तिनेच मुक्तीही आणली, आणि म्हणून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तिचे नाव घेताना राग नसे.

स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या शिक्क्यातला मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. चीनच्या युद्धानंतर ईशापूरने याच रायफलीला ७.६२ मिलिमीटरची नळी आणि बारा गोळ्यांची पेटी बसवून ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ काढल्या. लष्कराने मात्र पुढे एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरून घेणारी रायफल, घेतली. थ्री नॉट थ्री पोलिसांकडे, राखीव दलाकडे आणि एनसीसीकडे आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींपुढे तिला उभे राहावे लागले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला.

अमेरिकेत काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या फौजांची मोड तिथे गेली. टपालाने रायफल घरी येई. १९६३ मध्ये केनेडींवर झाडलेली रायफलही इटलीच्या फौजेची मोडच होती, टपालाने मागवलेली. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने टपालविक्री आणि अशा मालाची आयात बंद झाली. ऐंशीच्या दशकात आयातीचे दार पुन्हा उघडले. त्यातून ईशापूरच्या टू-ए-वन तिथल्या दुकानांत पोहोचल्या. तिथला जाणता माणूस नवख्याला सांगतो: नळीत उजेड धरून आटे पाहा, दांडीवरचा आणि अंगावरचा क्रमांक जुळतो का पाहा, नळीचे तोंड झिजले आहे का पाहा. पेटीच्या पुढे लाकडात आरपार गेलेला स्क्रू दिसला तर घाबरू नका, ती ईशापूरची खूण आहे. लाकूड फाटू नये म्हणून केलेली मजबुती. जुनी लष्करी काडतुसे झाडली असतील तर त्याच दिवशी नळी पाण्याने धुवा, कारण जुन्या टिकलीच्या जळण्याने मिठासारखा क्षार मागे राहतो, तो दमट हवा ओढतो आणि नळी गंजते. बंगालच्या कामगारांच्या हातचे लाकूड-लोखंड तिथे कुणीतरी इतक्या प्रेमाने पुसते, हे वाचून मला बरे वाटते.

इथे १९५९ च्या शस्त्रकायद्याने जुना भेदभाव काढला. बोअरचा नियम राहिला. थ्री नॉट थ्री आजही निषिद्ध बोअर. फौजेची मोड दुकानात जात नाही. ती मोडून वितळवली जाते, किंवा डीपीची अक्षरे घेऊन एनसीसीच्या पोरांच्या खांद्यावर येते. परवानाधारकाला रायफल हवी तर बहुधा सरकारी कारखान्याची थ्री फिफ्टीन, पाच गोळ्यांच्या पेटीची. तिची काडतुसे पुण्याच्या खडकी कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ लिहिलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, तेव्हा तिचे मूळ कामही संपले. रानडुकरांनी ज्वारी उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी कायदा दाखवतो ती ठासणीची बंदूक. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात.

मी हत्यारे मोकळी करा असे म्हणत नाही. खेड्यात दारू, भाऊबंदकी आणि बांधाची भांडणे एका ओसरीवर नांदतात; तिथे परवाना कडकच हवा. पण बोअरची भिंत ज्या कारणासाठी उभारली, ते कारण तिने साधले का? गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी त्याच थ्री फिफ्टीनच्या काडतुसाला बसेल अशी नळी वळवायला घेतली, कारण बाजारात सहज मिळणारे रायफलीचे काडतूस तेच. चोरीची गोळी बसू नये म्हणून जे माप निवडले, तेच माप चोरट्या हत्याराचे झाले. एवढ्यावरून तरी ही भिंत फसली, असे मला स्पष्ट म्हणावे लागते. परवाना माणूस पाहून द्यावा. नळीचे तीन दशांश मिलिमीटर कुणाला सज्जन करत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूरचे दगड-मातीचे वाडे बसले, तेव्हा माणसांबरोबर जुने कागद, सनदा, परवानेही ढिगाऱ्यात गेले. त्यामुळे आमच्याकडे वस्तूंच्या कुळकथा लिहायला कागद फार थोडे. ज्यांच्या घरी आजोबांची परवान्याची थ्री फिफ्टीन अजून आहे, त्यांना एक विनंती. वारसाच्या नावे परवाना करून घ्यायला जिल्हाधिकारी कार्यालयात जाल, त्याआधी दस्त्याच्या मुळाशी असलेल्या लोखंडी भागावरची अक्षरे, साल आणि शिक्का एका वहीत उतरवून ठेवा. मुकुट आहे की सिंह, बर्मिंगहॅम आहे की ईशापूर, तेही लिहा. आणि परवाना पुढे चालवायचा नसेल, तर रायफल ठाण्यात जमा करण्यापूर्वी ती अक्षरे उतरवून झाली आहेत ना, एवढे पाहा.